टॅपवाले अण्णा

नारायणगाव ते घोडेगाव या पट्ट्यात हल्ली गावागणिक एक तरी अण्णा सापडतो. मुलगा लंडनला कॉम्प्युटरमध्ये, सुनेचं बाळंतपण हे निमित्त आणि सहा महिन्यांच्या व्हिसावर झालेली एक वारी. ओळखायची खूण सोपी. डोक्यावर टोपी, गळ्यात तुळशीची माळ, भर मे महिन्यात अंगात जाकीट आणि पायात लेकाचे जुने स्पोर्ट शूज. बाकीचे लोक लंडनहून आले की राणीचा वाडा सांगतात. अण्णा तिकीट सांगतात.

आधारकार्डाच्या पाकिटातच त्यांचं एक निळं कार्ड असतं. नाव ऑयस्टर. लंडनात बस-रेल्वेच्या तिकिटाऐवजी ते 2003 पासून चालतं. कॉलेजातल्या एका आगाऊ पोराने पारावर अर्थ फोडला, "अण्णा, ऑयस्टर म्हणजे कालव!" माळकरी माणसाच्या खिशात कालवं! अण्णा दोन दिवस पाराकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन त्यांनी निकाल दिला, "आपण मोत्याचा शिंपला म्हणायचं."

मग कीर्तन पुन्हा सुरू. "बसला चढताना एकदाच टेकवायचं, उतरताना नाही. भुयारी रेल्वेला मात्र आत जाताना आन् बाहेर येताना, दोन्हीदा. मी गेलो तेव्हा बसचे पावणेदोन पौंड होते, पण तासाभरात दुसरी बस धरली तर तिला पैसे नाहीत. आन् रोख? 2014 पासून बसमध्ये रोख घेतच नाहीत. नोटांचं बंडल दाखवा, डायवर बघणारसुद्धा नाही!"

अण्णा जे गाळतात, ते काकू भरून काढतात. आयुष्यभर 'दोन फुल, मंचर' म्हणत आलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी काकूंसाठीही आपलंच कार्ड दुसऱ्यांदा टेकवलं. तिथे माणशी एक कार्ड लागतं. यंत्र अडून बसलं. "चाळीस वर्षांचा संसार, आन् एका तिकिटात मावंना," काकू म्हणतात. दुसऱ्यांदा, फाटक नसलेल्या एका स्टेशनातून अण्णा टॅप न करताच बाहेर पडले आणि जास्तीत जास्त भाडं कापलं गेलं. फाटक नाही म्हणजे वेस मोकळी, असा त्यांचा गावठी हिशेब. त्यानंतर महिनाभर अण्णा दिसेल त्या खांबाला कार्ड टेकवत होते.

परवा नारायणगावच्या स्टँडवर मंचरची गाडी लागली. खिडकीतून रुमाल, पिशव्या, एक लहान पोरगं, सगळं आत गेलं आणि मागोमाग आम्ही. अण्णा पुढे, मी शेजारी. कंडक्टर दाटीतून वाट काढत मागे निघाला. एकाने पाचशेची नोट काढली, दुसऱ्याने मोबाइल, तिसऱ्याने 'मागच्या वेळचे दोन रुपये राहिलेत' हा विषय.

"मास्तर," अण्णांनी सुरुवात केली, "तिकडं तुमचं पदच नाही बघा."

"मग भांडायचं कुणाशी?" कंडक्टरने न थांबता विचारलं.

अण्णा पहिल्यांदाच गप्प झाले. कळंब येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "खरंय. तिकडं सहा महिने पैसे गेले, पण कुठं चाललात म्हणून एकानं विचारलं नाही."

आता इथला हिशेब असा की, एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून प्रवास फुकट आणि बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट. अण्णा शहात्तर वर्षांचे. म्हणजे या जोडप्याचं दोघांत मिळून अर्धं तिकीट. लंडनला दोघांचे दोन फुल भरणाऱ्या अण्णांचा इथे एक पैसा खर्च होत नाही.

मंचर जवळ आलं तशी अण्णांची चुळबुळ सुरू झाली. एकदम उठून, दांडे धरत धरत ते कंडक्टरपाशी गेले.

"माझं तिकीट?"

"अण्णा, आधार बघितलं ना मघाशी! तुमचं शून्य रुपये. गडबडीत राहिलं."

"शून्याचं असलं म्हणून काय झालं? फाडा."

कंडक्टरने यंत्राचं बटण दाबलं. चिठ्ठी कुरकुरत बाहेर आली. अण्णांनी डोळ्यांजवळ नेऊन नारायणगाव ते मंचर एवढं वाचलं, चार घड्या घातल्या आणि तिकीट खोचायची ती जुनी जागा आठवून, घड्याळाच्या पट्ट्यात खोचली.

मग उतरताना सवयीने दाराच्या दांड्याला कार्ड टेकवलंच.