थायलंडचा फॉर्म

"आक्का, ओ आक्का! भांडी ऱ्हाऊ द्या की. या जरा इकडं कंपौंडाजवळ. रात्री बारापर्यंत जागलोय बगा आमी."

"दिसत होता की उजेड. मला वाटलं, भांडाण काढलंय दोघांनी."

"भांडाणच म्हणायचं. थायलंडचा फॉर्म भरत हुतो."

"म्हंजी तूबी चाललीस! मी म्हटलं, ह्या खेपंलाबी भावजी एकटंच."

"आता कसं जातील? ह्या वर्षी कंपनीनं स्कीमच जोडप्याची काढलीया. खताचं टार्गेट पुरं केलं की दोन तिकिटं. मागल्या खेपंला सगळे डीलरच गेलते. येताना टायगर बामच्या बाटल्या आन् हत्तीचं फोटो. चार दिवस नुसतं हत्तीच बघितलं म्हणं."

"आमच्या दिरानंबी हत्तीच बघितलेला."

दोघी इतक्या हसल्या की जिन्यात पेपर वाचत बसलेला मी उठून आत जाणार होतो. पण गेलो नाही. कान लावायची गरजच नव्हती. आमच्याकडं गुपितसुद्धा बांधावरनं हाळी द्यावी तशा आवाजात सांगतात.

"पर तिकडं व्हिसा लागत न्हाई म्हणत हुतीस न्हवं? नोव्हेंबर २०२३ ला त्यांनी माफ केला, तवापासनंच सगळं दुकानदार तिकडं पळालेत."

"ह्यो व्हिसा न्हवं, आक्का. ही नुसती वर्दी. आमी येतोय, अमक्या विमानानं, अमक्या हाटेलात उतरणार. पयलं विमानात कागदाचं कार्ड वाटायचे, शेजारच्याचा पेन मागून भरायचं. १ मे २०२५ पासनं सगळं ऑनलाइन केलंय. टीडीएसी म्हणत्यात. उतरायच्या आदल्या तीन दिवसांतच भरायचं. म्हयनाभर आधी भरून मोकळं व्हावं म्हटलं, तर न्हाई."

"दोघांत एक भरला की झालं न्हवं?"

"छ्या! माणशी एक. तान्हं पोर असलं तरी त्याचाबी. भरल्यावर ते काळं चौकोनी क्यूआर येतंय, ते मोबाइलात ठेवायचं. मी आपली प्रिंटबी काढणार हाय. ऐनवेळी चार्जिंग संपलं तर?"

"मग बारा कशाला वाजले?"

"पयला घोळ नावाचा. आडनाव, नाव, मधलं नाव असं तीन खानं. माझ्या पासपोर्टात आडनाव एका ओळीत आन् खालच्या ओळीत माझं न् ह्यांचं नाव जोडून. हे म्हणत्यात, मधल्या खान्यात माझं नाव घाल. मी म्हटलं, पासपोर्टात मधला खाना हाय काय? न्हाई ना? मग जसं तिथं तसं हितं. शेवटी पासपोर्टाच्या पानाचा फोटोच चढवला, त्यानं आपलं आपण वाचून घेतलं."

"आन् दुसरा?"

"धंदा काय, म्हणून इचारलंय. हे फाटदिशी म्हणाले, हाउसवाइफ घाल. तितं माझं टकुरं फिरलं. दुपारी दुकानात बिलं कोण करतंय? जीएसटीचे कागद सीएकडं कोण पोचवतंय? दोन वेळचं दूध डेअरीला कोण घालतंय? मी सरळ बिझनेस टाकलं."

"बरं केलंस! भावजी काय म्हणाले?"

"म्हणत्यात, तिथला साहेब काय म्हशी मोजाय येणार हाय? मी म्हटलं, मग तुमचं गोडाऊन तरी कुठं मोजाय येणार हाय."

मला विचाराल तर रेशनकार्डापासून जनगणनेपर्यंत तिच्या वतीनं दुसऱ्यानंच उत्तर दिलेलं असणार. हा फॉर्म तिनं स्वतःच्या बोटानं भरला, त्याला बारा वाजले तर वाजू देत.

"ते सोडा. खरी मज्जा पुढंच. हाटेल पट्टायात. पत्त्यात पट्टाया शोधतोय, शोधतोय, जिल्हा म्हणून सापडंचना. मग कळलं, प्रांत चोनबुरी, तालुका बांग लामुंग, त्याच्या पोटात नोंगप्रू, आन् पिन २०१५०. पट्टाया येवढी नावाजलेली, पर तालुका दुसऱ्याच गावाच्या नावाचा!"

"म्हंजी आपल्या इचलकरंजीगत! महानगरपालिका झाली तिकडं, पर तालुका कुणाचा? हातकणंगलेचा!"

"आगदी! ह्यांना तसंच सांगितलं, तवा कुठं डोस्क्यात शिरलं."

"पैसं किती पडलं?"

"फुकट हाय ओ! आन् हितंच लोक फसत्यात. ह्यांच्याबरचा एक डीलर मोबाइलवर शोधाय गेला, वरच जाहिरात आली, सरकारी शिक्क्यागत चित्र, आन् शेवटी कार्डाचा नंबर मागितला. डॉलरात पैसं गेलं. पत्त्याच्या शेवटी गो डॉट टीएच असंल तरच ते थाई सरकारचं. आन् पैसं मागितलं की बंद करून उठायचं."

"आमच्या नंदंचा पोरगा मलेशियाला जाणार हाय नोकरीवर. त्याला सांगाय पायजे मग."

"सांगा की. तिथलं कार्ड वायलं, पर तऱ्हा तीच, तीन दिवसांची. सिंगापूरचंबी तसंच. तितं तर व्हिसाबी लागतोय, निसतं कार्ड भरून भागत न्हाई."

"आन् परत येताना मुंबईला आपल्या सरकारचा न्हाई काय असला फॉर्म?"

"हाय की. १ ऑक्टोबर २०२५ पासनं आपलंबी ऑनलाइन झालंय, पर ते परदेशी लोकांना. आपण आपल्याच देशात येणार, आपल्याला कशाला?"

"मग इचलकरंजीत लूम जोडाय परदेशातले मेकॅनिक येत्यात, त्यांना भरावं लागत असंल."

"लागणारच."

"मग त्यांनाबी इचारा म्हणावं, इचलकरंजी कुठल्या तालुक्यात?"