आझाद मैदानाच्या नियमकर्त्यांस अनावृत पत्र

माननीय नियमकर्ते महोदय,


मुंबईतल्या आझाद मैदानावरच्या आंदोलनांसाठी आपण 2025 साली जी नियमावली केलीत, तिच्याबद्दल आपले आभार मानावेत तेवढे थोडेच. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, माणसे पाच हजार, परवानगी एका दिवसाची. अन्यायालाही कचेरीची वेळ लावून दिलीत!

शनिवारी, रविवारी आणि सरकारी सुट्टीला परवानगी नाही, हे तर फारच उत्तम. रोजंदारीवरच्या माणसाला मोकळा मिळतो तो एक रविवार. त्या दिवशी त्याने विश्रांती घ्यावी, ही आपली माया. सोमवारी मजुरी बुडवून तो येईलच.

किनवटहून, गडचिरोलीहून रात्रभर प्रवास करून येणाऱ्यांवर आपली विशेष कृपा. सहा वाजता उठा म्हणालात, पण जाणार कुठे, असली खासगी चौकशी केली नाहीत. मैदानात स्वयंपाकही करायचा नाही. ज्याचे मुंबईत घर आहे त्याने घरी जेवावे, झोपावे आणि सकाळी ताजेतवाने होऊन घोषणा द्यायला यावे. शांततेने एकत्र जमण्याचा हक्क घटनेच्या 19व्या कलमाने सगळ्यांना सारखा दिला आहे. तो वापरायला मुंबईतला पत्ता लागतो, ही भर आपली.

2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून सुमारे 180 किलोमीटर चालत आलेले शेतकरी आठवतात का? दहावीच्या मुलांचा पेपर चुकू नये म्हणून भेगाळलेल्या पायांनी ते मुंबईतल्या मुक्कामाच्या सोमय्या मैदानातून रविवारी रात्रीच निघाले आणि उजाडायच्या आत आझाद मैदानात येऊन बसले. सुट्टीच्या रात्री निघाले, नऊच्या आधी पोहोचले. आपल्या नियमात बसत नाहीत बिचारे. या शहराची जेवढी काळजी त्यांनी घेतली, तेवढी आपल्या साऱ्या कलमांत मिळून नाही.

राजस्थानात ब्यावरला 1996 साली माणसे चाळीस दिवस धरणे धरून बसली. सरकारी हिशेबाचे कागद दाखवा, एवढीच मागणी. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याची वाट तिथून गेली. त्यांना रोज सहाला उठवायला तिथे आपण नव्हतात, हे देशाचे भाग्य.

दिल्लीच्या रामलीला मैदानावर 4 जून 2011 च्या मध्यरात्री झोपलेल्या आंदोलकांवर पोलीस तुटून पडले. सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली आयोजकांनाही बोल लावले, पण झोप हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हेही स्पष्ट सांगितले. आपल्यासारख्या विद्वानांच्या नजरेतून ते निसटले असावे.

रहदारी अडते, घाण होते, ही आसपासच्या रहिवाशांची तक्रार खरी आहे. तिला उत्तर म्हणजे पुरेशी शौचालये, पाणी आणि कचरा उचलणारी माणसे. ते काम आपले होते. आपण घड्याळ लावून मोकळे झालात.

म्हणून हात जोडून मागणे एवढेच: बाहेरगावच्या आंदोलकांना रात्री मैदानातच थांबू द्या, तिथे दिवे, पाणी आणि शौचालये पुरवा, आणि रविवार खुला करा.

आपला नम्र,
एक नागरिक