चालतं, पण सपोर्टेड नाही

मॅट्रिक्सकरांना तुम्ही ओळखता. तुमच्या ऑफिसात त्यांचं आडनाव जाधव असेल, कुलकर्णी असेल. पण कंपनी इतर कंपन्यांना सॉफ्टवेअर विकत असेल, तर कोपऱ्यातल्या टेबलाशी एक मॅट्रिक्सकर असतोच. आपलं सॉफ्टवेअर कुठल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कुठल्या आवृत्तीवर सपोर्टेड आहे, याचा तक्ता सांभाळणं हे त्यांचं काम. तक्त्याला म्हणतात सपोर्ट मॅट्रिक्स, म्हणून हे मॅट्रिक्सकर. खरं आडनाव फक्त पगाराच्या स्लिपवर उरलंय.

माझं दुर्दैव दुहेरी. आम्ही एकाच मजल्यावर काम करतो आणि एकाच सोसायटीत राहतो. गेल्या वार्षिक सभेत सेक्रेटरींनी सांगितलं, "लिफ्ट व्यवस्थित चालते आहे." एवढ्यावर विषय संपला असता, आम्ही सामोशांकडे वळलो असतो. मॅट्रिक्सकर उभे राहिले. "चालते," ते म्हणाले, "पण सपोर्टेड नाही." लिफ्टची एएमसी मार्चमध्येच संपल्याचं त्यांनी तारखेसकट सांगितलं. आता अडकलात तर लिफ्ट कंपनीचा माणूस येईलही, पण यायला बांधील नाही, हेही समजावलं. सभा पाऊण तास लांबली, सामोसे गार झाले आणि चौथ्या मजल्यावरच्या आजी दुसऱ्या दिवसापासून जिन्याने जायला लागल्या.

हे वाक्य ते कुठेही वापरतात. डॉक्टरांनी गुडघा तपासून "चालतोय ना, मग चालू द्या" म्हटलं, तर मॅट्रिक्सकरांनी ते लेटरहेडवर लिहून मागितलं. पुतणीला सांगून आलेल्या मुलाबद्दल सगळे "मुलगा चांगला आहे" म्हणत होते, तेव्हा यांनी विचारलं, "कधीपर्यंत?" आमच्या स्कूटरबद्दल, कँटीनमधल्या मिक्सरबद्दल, भारताच्या मधल्या फळीबद्दल त्यांचा निकाल एकच. वहिनी सांगतात, लग्नानंतर पहिल्यांदा केलेल्या आमटीवरही अभिप्राय होता, "चालेल." त्या बिचाऱ्या खूश झाल्या. पुढचा अर्धा भाग त्यांना यथावकाश कळला.

धंदाच तसा आहे म्हणा. सॉफ्टवेअरच्या तीन आवृत्त्या चालू असतात. बारा ऑपरेटिंग सिस्टिम, चार डेटाबेस, तीन जावा. गुणाकार केला की ४३२ जोड्या. क्यूएचे लोक त्यातल्या मोजक्या तपासतात आणि ग्राहक नेमका न तपासलेल्या जोडीवर बसलेला असतो. तक्त्याच्या प्रत्येक घरात 'हो', 'नाही' किंवा तारा. ताऱ्याखाली तळटीप, तळटिपेखाली तिची अट. त्यात कोणीतरी 'आवृत्ती ७.४ आणि त्यापुढील' असं लिहिलेलं दिसलं की मॅट्रिक्सकरांचा रक्तदाब वाढतो. "त्यापुढील म्हणजे? जी अजून जन्मालाच आली नाही, तिचं वर्तन चांगलं असेल अशी हमी तुम्ही देताय?"

शिवाय ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांना आकड्यांचं सोयरसुतक नाही. विंडोज ७ आतून स्वतःला ६.१ म्हणवते. विंडोज ९ आलीच नाही. विंडोज ११ ला खासगीत विचारलं तर ती सांगते, मी १०.०. मॅकओएस १५ वरून २०२५ मध्ये थेट २६ वर गेली. उबुंटूच्या आकड्यात वर्ष आणि महिना असतो. २००६ ची एप्रिलची आवृत्ती जूनवर गेली, तर त्यांनी ती ६.०६ म्हणून काढली. साऱ्या जगात मॅट्रिक्सकर फक्त उबुंटूला मान देतात. उशीर केला, पण तो आकड्यात कबूल केला.

डिसेंबर २०२० मध्ये त्यांना एक घाव बसला, तो अजून भरलेला नाही. सेंटओएस ८ चा सपोर्ट २०२९ पर्यंत असल्याचं त्यांनी तक्त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. एके दिवशी घोषणा झाली: २०२१ च्या शेवटी बंद. सात वर्षांहून जास्त काळ एका निवेदनात गेला. त्याहून वाईट म्हणजे आधीची आवृत्ती, सेंटओएस ७, ठरल्याप्रमाणे ३० जून २०२४ पर्यंत चालली. नवीन बंद आणि जुनी चालू, हे तक्त्यात भरताना त्यांनी मला बोलावून दाखवलं होतं. मी "हं" म्हटलं. ते तेवढ्याने समाधानी झाले नाहीत. अजूनही लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसले की जिलबी येईपर्यंत सेंटओएसच चालतं.

विंडोज एक्सपी हा दुसरा विषय. तिचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभर संगणक ओलीस धरले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने संपलेल्या एक्सपीसाठीही पॅच काढला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मॅट्रिक्सकर दुखावले. "मग ती सपोर्टेड होती की नव्हती? एकदा काय ते ठरवा!" पुढे जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना एटीएमवरून एक्सपी आणि सपोर्ट संपलेल्या इतर सिस्टिम हटवायला सांगितलं: सप्टेंबरपर्यंत पाव मशिन, २०१९ च्या जूनपर्यंत सगळी. ते परिपत्रक मॅट्रिक्सकरांनी टेबलामागे चिकटवलं. त्या काळात त्यांच्यामागे एटीएमच्या रांगेत उभं राहणं म्हणजे शिक्षा होती. पैसे आले तरी हा गृहस्थ मशिनकडे संशयाने बघत उभाच. वॉचमनने विचारलं, "काय झालं साहेब, चालत नाही का?" पुढचं तुम्हीच म्हणा.

सेल्सवाल्यांशी त्यांचं वैर मात्र खरं. दर तिमाहीच्या शेवटी एखादा पोरगा लॅपटॉप घेऊन येतो.

"सर, कस्टमर विंडोज सर्व्हर २००८ आर-२ वर आहे. आपलं चालतं ना?"

"चालतं."

"मग तेवढं 'हो' करून द्या ना मॅट्रिक्समध्ये."

"चालतं, पण सपोर्टेड नाही."

"सर, फरक काय पडतो?"

मग मॅट्रिक्सकर चष्मा काढतात. चालतं म्हणजे आज, इथे, या मशिनवर, देवाच्या कृपेने. सपोर्टेड म्हणजे आपण ते तपासलंय, रात्री दोनला बंद पडलं तर आपला इंजिनियर उठेल, आणि खालची सिस्टिम फुटली तर तिचा मालक ती शिवून देईल. २००८ आर-२ ची मुदत १४ जानेवारी २०२० ला संपली. पोरगा मान डोलावतो आणि बाहेर जाऊन ग्राहकाला मेल करतो: 'फुली सपोर्टेड'.

मला वाटायचं, हा माणूस अडवणूक म्हणून 'नाही' लिहितो. सरकारी खिडकीवरचा कारकून चुकून आयटीत आला, असंच माझं मत होतं. मग दिवाळीच्या सुमारास त्यांच्या टेबलावर सोलापूरहून एक खोकं आलं. आत शेंगांची चटणी. पाठवणारा तिथल्या एका कारखान्याचा सिस्टिम ॲडमिन: एकटा माणूस, सर्व्हर, प्रिंटर आणि मालकाच्या मुलाचा फोन असं सगळं त्याच्याच गळ्यात. नवीन सर्व्हरसाठी तो वर्षानुवर्षं पैसे मागत होता आणि मालकाचं उत्तर ठरलेलं, "चालतंय की." शेवटी त्याने मॅट्रिक्सकरांच्या तक्त्याचं पान छापलं, 'नाही' आणि तारीख लाल पेनाने अधोरेखित केली आणि मालकापुढे ठेवलं. विकणारी कंपनीच लेखी हात वर करतेय म्हटल्यावर पैसे मंजूर झाले.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ते 'नाही' ग्राहकाविरुद्ध नव्हतंच. ज्याचं वर कोणी ऐकत नाही, अशा खालच्या माणसाच्या हातात दिलेला तो कागद होता. मॅट्रिक्सकरांना हे बहुधा आधीपासून माहीत होतं. ॲडमिन लोक त्यांना थेट फोन करायचे आणि ते हळू आवाजात सांगायचे, "पुढच्या रिलीजमध्ये काढतोय आम्ही ही आवृत्ती. आत्ताच बजेटमध्ये टाका." चटणीच्या पाकिटावरची तारीख त्यांनी आधी तपासली. मग मला दिली.

या वर्षी मार्केटिंगला साक्षात्कार झाला की तो तक्ता 'निगेटिव्ह' दिसतो. इतके 'नाही' पाहून ग्राहक बिचकतात म्हणे. ४३२ घरांच्या जागी आता एकच ओळ आहे, निळ्या पार्श्वभूमीवर, हसऱ्या मुलीच्या फोटोशेजारी: 'सर्व आधुनिक ऑपरेटिंग सिस्टिमवर उत्तम चालते.' मॅट्रिक्सकरांनी बैठकीत एवढंच विचारलं, "आधुनिक म्हणजे कितवी?" कोणी उत्तर दिलं नाही. त्यांना आता चॅटबॉटला माहिती पुरवण्याच्या कामावर घेतलंय. बॉट नम्र आहे, कोणाला नाही म्हणत नाही. सेल्सची मंडळी फार खूश आहेत. सपोर्टवाल्यांचे रात्रीचे फोन वाढलेत, पण तो वेगळा विभाग.

तक्ता मात्र ते घरी अजून भरतात, कोणी सांगितलेलं नसताना. सोलापूरवाल्यासारखे जे फोन करतात, त्यांना पाठवून देतात.

तेव्हा वाचकहो, तुमच्या ऑफिसातला संगणक अजून विंडोज १० वर असेल आणि साहेब "चालतंय की" म्हणत असतील, तर पुढचं वाक्य छापून बजेटच्या बैठकीला न्या: विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पैसे मोजून आणखी काही काळ सुरक्षेचे पॅच मिळतात, ही तळटीप मॅट्रिक्सकरांच्या आग्रहावरून. तीही छापा, पण साहेबांना शेवटी दाखवा.