३१ मे, मध्यान्होत्तर

महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी कागदोपत्री १ जूनला जन्मली आहे. यात ग्रहमानाचा काही संबंध नाही. जूनमध्ये शाळा उघडायची, बाप पोराला धरून आणायचा आणि जन्मतारीख विचारली की 'मोठा पाऊस झाला त्या सालचा' असं सांगायचा. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला लावायचे. हात कानाला पोचला की टाक दौतीत बुडवून १ जून लिहायचे आणि मोकळे व्हायचे.

आमच्या सरांचं असंच झालं. आईच्या हिशेबानं ते नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीचे. झोका अजून झाडाला होता. म्हणजे ऑगस्ट. गुरुजींनी जून लिहिला आणि पुढची पन्नास वर्षं त्यावाचून कुणाचं अडलं नाही. अडलं ते सरांनी निवृत्तीचा नियम वाचला तेव्हा. माणूस ज्या महिन्यात वयाची साठी गाठतो त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी जातो. पण जन्म एक तारखेचा असेल तर आदल्याच महिन्याच्या अखेरीस. म्हणजे ३१ मे. खऱ्या तारखेनं ३१ ऑगस्ट झाला असता. तीन महिन्यांचा पगार गेला, मधली १ जुलैची वेतनवाढ गेली आणि त्या वेतनवाढीवर मिळणारं जन्मभराचं वाढीव पेन्शनही गेलं. सर अर्थशास्त्राचे प्राध्यापक. तेहतीस वर्षांच्या सेवेत इतकं बारीक गणित त्यांनी प्रथमच केलं.

जन्मतारीख दुरुस्तीचा अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करायचा असतो, हे त्यांना सेवेच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. निवृत्तीच्या तयारीचा पहिला धडा असा चुकला.

दुसरा धडा आशावादाचा. केंद्रीय विद्यापीठातला प्राध्यापक पासष्टाव्या वर्षी निवृत्त होतो, आपल्याकडचा साठाव्या. वेतन आयोग तोच, अनुदान आयोग तोच. फक्त आपल्या प्राध्यापकाची बुद्धी पाच वर्षं आधी आटते, असं राज्य सरकारचं निरीक्षण असावं. त्यामुळे सत्तावन्न ओलांडलेल्या प्रत्येक प्राध्यापकाच्या मोबाइलवर एक गट असतो आणि त्या गटावर दर पंधरा दिवसांनी एकच बातमी येते: 'फाइल मंत्रालयात पोचली.' ही फाइल कोणत्या मजल्यावर आहे, हेही सांगितलं जातं. मंत्रालयाला नाहीत तितके मजले ती आजवर चढली आहे.

फाइल येईपर्यंत हात बांधून बसणं हे संशोधकाचं लक्षण नव्हे. २०२२ च्या नियमानुसार निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला की नवे पीएचडीचे विद्यार्थी घेता येत नाहीत. त्यामुळे सत्तावन्न पूर्ण होण्याआधीचे सहा महिने म्हणजे लग्नसराई. एरवी तासाला दिसलेल्या विद्यार्थ्याला नावानं न ओळखणारे सर त्या काळात चहाच्या टपरीवर 'तुझा विषय ठरला का रे?' असं विचारताना दिसले. प्राध्यापकाला आठ विद्यार्थी घेता येतात. सरांनी आठ भरले. विषयांची चणचण होती, तेव्हा सहकारी पतसंस्थांचा चिकित्सक अभ्यास तालुकावार वाटून टाकला. घेतलेले विद्यार्थी निवृत्तीनंतरही सहमार्गदर्शक म्हणून सत्तरीपर्यंत सांभाळता येतात. मुलगा परदेशी असलेल्या माणसाला याहून भक्कम आधार कोणता? सुनेनं विचारलं नाही तरी हे आठ जण सत्तरीपर्यंत विचारतील; सही हवी असते.

तिसरं काम गौरवग्रंथाचं. गौरवग्रंथ हा उत्स्फूर्त असावा लागतो, म्हणून सरांनी दोन वर्षं आधीच उत्स्फूर्त समिती नेमली. संपादक म्हणून त्यांचाच एक जुना विद्यार्थी घेतला. तो सेट, नेट, पीएचडी, आणि त्याच महाविद्यालयात तासिका तत्त्वावर. नाही म्हणायची सोय नसलेला संपादक सगळ्यांत चांगला. लेख मागवले. आले ते तीन प्रकारचे: 'सर: एक व्यक्ती', 'सर: एक विचार' आणि 'सर: एक चळवळ'. चौथा प्रकार, म्हणजे 'सर: एक तास', कुणालाच लिहिता आला नाही. ग्रंथाला आयएसबीएन क्रमांक घेतला, कारण त्याशिवाय लिहिणाऱ्यांना गुण मिळत नाहीत आणि गुणाशिवाय गुणगान होत नाही. मुद्रितं सरांनी स्वतः तपासली. एका लेखातला 'थोर' खोडून त्यांनी 'महान' केलं. समासात लिहिलं, 'शक्यतो अतिशयोक्ती टाळावी.'

मग कार्यालय. ज्याला सर तीस वर्षं नुसती हाक मारत होते तो हेडक्लार्क आता 'भाऊसाहेब' झाला. सेवापुस्तक त्याच्या कपाटात. त्यात एका उजळणी वर्गाची नोंद नव्हती. उजळणी वर्गाची नोंद नाही म्हणून स्थाननिश्चिती शंकास्पद, स्थाननिश्चिती शंकास्पद म्हणून वेतननिश्चिती चुकलेली, आणि वेतननिश्चिती चुकली म्हणून तेव्हापासूनची वसुली. पतगुणक, म्हणजे एका रुपयाचे अनेक रुपये कसे होतात, ते सर दरवर्षी दुसऱ्या सत्रात शिकवायचे. तो आपल्या विरुद्ध कसा चालतो, ते सहसंचालक कार्यालयाच्या बाकावर बसून त्यांनी समजून घेतलं. पेन्शनपैकी चाळीस टक्क्यांचं अंशराशीकरण करावं, म्हणजे ते आधीच एकरकमी घ्यावं की नाही, पंधरा वर्षांनी पूर्ण पेन्शन पुन्हा सुरू होतं तेव्हा फायदा कुणाचा, हा हिशेब भाऊसाहेबांनी पाठकोऱ्या कागदावर दोन मिनिटांत मांडून दाखवला. भाऊसाहेब बारावी आहेत.

ग्रंथालयाच्या 'ना देय' प्रमाणपत्रावर गाडी पुन्हा अडली. सरांच्या नावावर एकेचाळीस पुस्तकं होती. सर्वांत जुनं १९९४ मध्ये नेलेलं. माळ्यावरून पोती उतरवली. पुस्तकं सगळी निघाली, आणि ग्रंथपालांनी दिलेला शेराही खरा होता: 'पुस्तके उत्तम स्थितीत परत मिळाली.' चार पुस्तकांची पानंसुद्धा फोडलेली नव्हती.

३१ मे उजाडला. महाविद्यालयाला उन्हाळ्याची सुट्टी. एक जूनच्या पिढीचा निरोप समारंभ नेहमी असाच होतो: ज्यांना शिकवलं ते गावी आणि ज्यांच्याशी भांडलो ते समोर. शाल पांघरली, श्रीफळ दिलं, बाहेर बेचाळीस अंश. प्राचार्य म्हणाले, पोकळी निर्माण झाली. संस्थेचे सचिव म्हणाले, शिक्षक कधी निवृत्त होत नसतो. हे वाक्य ऐकून सर क्षणभर मंत्रालयातल्या फाइलीसाठी थांबले, पण सचिवांचा रोख तसा नव्हता. मग सर उत्तराला उभे राहिले. आपल्याकडे तास ४८ मिनिटांचा असतो. तेहतीस वर्षांत सरांनी तो एकदाही पूर्ण घेतल्याचं कुणाला आठवत नाही. त्या दिवशी ते एक तास वीस मिनिटं बोलले. थकबाकी फेडली म्हणायची.

समारंभ संपल्यावर त्यांनी संपादक विद्यार्थ्याला बाजूला घेतलं आणि कापडात बांधलेली वही त्याच्या हाती दिली. त्यांच्या नोट्स. सर १९९२ मध्ये लागले, त्या वर्षी आठवी पंचवार्षिक योजना सुरू झाली होती. त्या वहीत ती अजून चालूच आहे. नियोजन आयोगच उरला नाही, ही बातमी वहीपर्यंत गेलेली नाही.

पंधरा जूननंतर मी सहज महाविद्यालयात गेलो. सरांची खुर्ची होती, कपाटही होतं. किल्ली सरांच्या घरी. त्यांचे तास मात्र चालू होते आणि ४८ मिनिटं पूर्ण होत होते. घेणारा तोच, गौरवग्रंथाचा संपादक. सरांची जागा भरायची परवानगी आलेली नाही. ती कधी येणार, हे कुणी सांगत नाही. तोवर त्याला तासावर पैसे, तेही वर्षातले काही महिने आणि तेही उशिरा. सर निवृत्त झाले, त्यांच्याबरोबर जागाही निवृत्त झाली. मागे राहिलं ते काम.

त्याचं वय चव्वेचाळीस. त्याच्या गावच्या गुरुजींनीही टाक, नाहीतर पेन, उचलून तेच लिहिलं होतं. म्हणजे नोकरी अजून लागलेली नाही, पण निवृत्तीची तारीख पक्की आहे: सोळा वर्षांनी, ३१ मे, मध्यान्होत्तर.