अजून नक्षी आहे

ताम्हिणी घाटात आमची गाडी ताशी 30 च्या वेगाने चालली होती. हा आकडा आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून लोक पहिला प्रश्न वेगाचाच विचारतात आणि 30 म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी कीव उमटते ती मला बघवत नाही. जुलै महिना होता. पाऊस असा, की वायपर नुसते मनाच्या समाधानासाठी हलत होते. उतारावरच्या वळणाला पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले आणि मी ब्रेक दाबला. पायाखाली एबीएस खडखडलं. ब्रेक तयार होता, चाकंही थांबायला तयार होती, पण रस्त्याशी कुणाचं बोलणंच होईना. शेवाळलेल्या पायरीवरून एखादा वजनदार माणूस सावकाश घसरावा, तशी गाडी काही घाई न करता डावीकडे सरकत गेली आणि एका भजीच्या टपरीच्या निळ्या ताडपत्रीखाली नाक खुपसून उभी राहिली.

भजीवाल्याने कढईतून मान वर केली नाही. म्हणाला, "कांदा का मूग? किती प्लेट?"

मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "भजीच खायची होती तर आधी सांगायचं, जावईबापू."

सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी अजून तोंडपाठ. त्यांच्यापुढे घाबरल्याचं दाखवायची सोय नसते. आम्ही मुकाट्याने चार प्लेट भजी सांगितली. प्लेट पन्नास रुपयांना. तेवढ्यात झारा खाली ठेवून भजीवाला बाहेर आला, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, पुढच्या टायरवर अंगठ्याचं नख दाबून पाहिलं आणि म्हणाला, "गाडीबरोबर आलेलेच टायर ना, साहेब? पावसात हे असेच. रोज दोन-तीन गाड्या येतात अशा."

"मग काय करता?"

"भजी देतो."

टायर आणि खाणं यांचं नातं तसं जुनंच आहे. जगभरातल्या उपाहारगृहांना तारे वाटणारी मिशेलिन मुळात टायरची कंपनी. फ्रान्समधल्या दोघा मिशेलिन भावांनी 1900 साली मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली, ती लोकांनी खूप हिंडावं आणि हिंडून हिंडून टायर झिजवावेत म्हणून. तारे नंतर आले, 1926 मध्ये. आमच्या बाबतीत क्रम उलटा झाला: टायर झिजायला तयार नव्हते आणि म्हणूनच आम्ही भजीपर्यंत पोचलो.

झिजायला तयार नव्हते, हीच सगळ्या दुखण्याची मेख. गाडी दोन वर्षांची, पळालेली 22,000 किलोमीटर. घरी आल्यावर मी टायर बदलायचा विषय काढला, तर बायको पार्किंगमध्ये येऊन टायरकडे बघून म्हणाली, "अरे, अजून नक्षी आहे की!" या वाक्यापुढे मराठी घरात अपील नाही. माझ्या वडिलांनी स्कूटरचा एकच टायर दोनदा रिमोल्ड करून घेतला होता. तिसऱ्यांदा तो अगदी गोटा झाला, तेव्हा गावी आत्याच्या अंगणात त्याचा झोका झाला. झोक्याची दोरी तुटल्यावर तालुक्याच्या बाजारातल्या चांभाराने त्याच्या चपला कापल्या आणि त्या चपला आत्याच्या गड्याने पुढची सहा वर्षं वापरल्या. अशा घराण्यातल्या माणसाने नक्षी असलेले चार टायर काढून टाकायचे म्हणजे जित्या माणसाचं तेरावं घालण्यापैकीच.

सासूबाईंनी कंपासपेटीतली पट्टी मागवली. नव्या टायरची खाच साधारण 8 मिलिमीटर खोल असते आणि 1.6 वर आली की टायर बाद. खाचेत तेवढ्या उंचीचे बारीक उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात, नक्षी त्यांना टेकली की संपलं. आमची खाच भरली 6 मिलिमीटर. प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "22 हजारात दोन मिलिमीटर. उरले चार पूर्णांक चार. म्हणजे आणखी 48,400 किलोमीटर. तुमचं वर्षाचं अकरा हजार धरलं तर चार वर्षं आणि जवळजवळ पाच महिने."

"वा!" बायको म्हणाली.

"चार वर्षं पाच महिने घसरायचं," मी म्हणालो.

वाईट टायरची खोड ही अशी असते. चांगला टायर रस्त्याला चिकटतो आणि चिकटता चिकटता झिजून जातो. हा कडक. कशात मन घालत नाही, म्हणून याच्या अंगाला काही लागतही नाही. असे एक काका प्रत्येक घरात असतात. नव्वदी गाठतात.

आता कंपनी गाडीला असे टायर लावते तरी का? उत्तर माझ्या रोजच्या फिरण्याच्या वाटेवरच होतं. पुण्यात आम्ही सकाळी वेताळ टेकडीवर जातो, तिला निम्मी मंडळी एआरएआय टेकडीच म्हणतात, कारण देशभरच्या गाड्यांचं ॲव्हरेज जिच्या चाचणीच्या नावाने सांगितलं जातं ती संस्था 1966 पासून पुण्यात आहे आणि या टेकडीवरच बसली आहे. ॲव्हरेज मोजताना गाडी रस्त्यावर नसते, खोलीत असते; तिची चाकं रोलरवर फिरतात. माझी मोजणाऱ्यांबद्दल काही तक्रार नाही. पण त्या खोलीत पाऊस नसतो, उतार नसतो, ताडपत्री नसते. आणि गाडी घेताना आपण पहिला प्रश्न विचारतो तो "देते किती?" हाच. मऊ रबर रस्त्याच्या खडबडीत शिरतं, दबतं, पुन्हा फुगतं आणि या दबण्या-फुगण्यात पेट्रोल खातं. कडक रबर फारसं दबत नाही, म्हणून पेट्रोल वाचतं. कंपनी लाखांनी टायर घेते, तेव्हा हलका, स्वस्त, आवाज न करणारा आणि ॲव्हरेजला हातभार लावणारा टायर मागते. ओल्या रस्त्यावर धरून ठेवणारा मागितला नाही असं नाही, पण यादीत तो कितवा असेल ते ताम्हिणीत कळतं. थोडक्यात, ते टायर मीच मागितले होते. शोरूममध्ये ॲव्हरेज विचारून.

सल्ले भरपूर आले. मेव्हणा म्हणाला, टायर तेच ठेव, हवा 28 कर. वरच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, हवा 38 कर. दूधवाला म्हणाला, बाइक घ्या.

मी मात्र टायर वाचायला बसलो. पार्किंगमध्ये गुडघ्यावर, मोबाइलचा टॉर्च लावून. वॉचमन आला, "किल्ली पडली का, साहेब?" म्हटलं, नाही, वाचतोय. तो दोन पावलं मागे सरकला. पण टायरच्या कुशीवर खरोखर अख्खी कुंडली कोरलेली असते. आमच्यावर होतं 165/80 आर14 85टी. 165 ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. 80 म्हणजे कुशीची उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत. आर म्हणजे रेडियल. 14 हा रिमचा व्यास, तो इंचात. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! आमच्या नातवंडांचं मराठी असंच असतं. 85 म्हणजे एक टायर 515 किलो पेलणार आणि टी म्हणजे ताशी 190 पर्यंत टिकणार. ताशी 190! जो 30 ला थांबेना, त्याची 190 ची तयारी होती. शेवटी एका लंबगोलात चार आकडे: 2123. दोन हजार तेवीसच्या एकविसाव्या आठवड्यातला जन्म. मे महिन्याची अखेर. पावसाची त्याची ओळखच करून दिली नव्हती कुणी.

आमचा टायरवाला कोट्टायमचा. रबराच्या झाडांच्या मुलखातून आलेला, तीस वर्षं पुण्यात, मराठी माझ्यापेक्षा सरळ. सगळे त्याला अण्णा म्हणतात. "अण्णा तमिळ, मी चेट्टन," असं त्याने पहिली दहा वर्षं सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. मी माझी कैफियत मांडली. तो म्हणाला, "साहेब, पावसात धरणारा, खूप वर्षं टिकणारा आणि ॲव्हरेज देणारा असे तीन टायर असतात. तुम्हाला एकातच तिन्ही पाहिजेत. सगळ्यांनाच पाहिजेत. दोन सांगा."

आम्ही धरणारा सांगितला आणि दुसऱ्यावर अडलो. बायको म्हणाली टिकणारा, मी म्हणालो ॲव्हरेज. अण्णाने दोघांकडे दुर्लक्ष करून एक टायर पुढे केला. यात सिलिका आहे म्हणे, ओल्यात पकडतो आणि पेट्रोलही फार खात नाही. वर त्याने मापही बदलायला सांगितलं: याच रिमवर 185/70. रुंदी 20 मिलिमीटरने जास्त. गाडीच्या पुस्तकात हे माप वरच्या मॉडेलसाठी दिलेलं होतं, तेवढं मी पाहून घेतलं.

"व्यास बदलेल," मी घाईने म्हणालो. मला गणित येतं हे सासूबाईंना दाखवायची हीच वेळ होती. "165 चे 80 टक्के 132, आणि 185 चे 70 टक्के एकशे साडेएकोणतीस. फरक अडीच मिलिमीटर."

"पाच," सासूबाई म्हणाल्या. "टायर वर असतो तसा खालीही असतो ना?"

अण्णाने हात जोडले. मला नव्हे. पुढचं त्यांनीच केलं. 14 इंच म्हणजे 355.6 मिलिमीटर, एका टायरचा व्यास 619.6, दुसऱ्याचा 614.6, फरक टक्क्याच्या आतला. स्पीडोमीटर खोटं बोलेल पण इतकं थोडं की तेवढं आपणही बोलतो. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी चारही नव्या टायरांचे जन्माचे आठवडे तपासले. तिघांवर 1925. चौथ्यावर 1124.

"हा मागच्या वर्षीच्या मार्चमधला," त्या म्हणाल्या. "दीड वर्षाचा होत आला. मोठा मुलगा लहान्यांत कशाला बसवलाय?"

अण्णा काही न बोलता आत गेला आणि 1925 चा चौथा घेऊन आला.

जुने टायर रिमवरून उतरताना बघवत नव्हतं. यंत्राचा हात कडेला लागला, साबणाचं पाणी लागलं, आणि दोन वर्षं ज्याच्या जिवावर आम्ही हिंडलो तो चुळबूळही न करता सुटून आला. नवा चढवल्यावर हवा भरताना दोनदा जो बार होतो, त्याने सासूबाई सोडून सगळे दचकले. मग बॅलन्सिंग, रिमला इवलीशी वजनं चिकटवून पोरगा चाक फिरवी, मान हलवी, एक काढून दुसरीकडे लावी. सोनाराकडे इतक्या निगुतीने तोलत नाहीत. शेवटी विचारलं, "नायट्रोजन भरू?"

"हवेत 78 टक्के तोच आहे," सासूबाई म्हणाल्या. "उरलेल्या 22 चे पैसे घेणार का?"

साधी हवा भरली. 33.

बिल 24,000. जुन्यांचे त्याने 600 प्रमाणे 2,400 देऊ केले, मी घेतले आणि मागे वळून पाहिलं नाही. टायरच्या खर्चाचं दुःख असं, की घरात काहीच येत नाही. चोवीस हजारांचा फ्रिज आणला तर शेजारी पेढे मागतात. टायर आणल्यावर गाडी होती तशीच काळी आणि गोल. फक्त नव्या टायरांना बारीक रबरी केस होते. साच्यातली हवा निघून जायच्या भोकांत शिरलेलं रबर ते. सोसायटीत कुणी विचारलंच तर मी ते केस दाखवायचो. आठवड्याभरात तेही गेले. ॲव्हरेज 18 वरून 17 वर आलं, हे मी बायकोला सांगितलेलं नाही.

ऑगस्टच्या अखेरीस पुन्हा ताम्हिणी. पाऊस तोच, वळण तेच. मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबली. दाबला तिथे थांबली. टपरी चांगली पंधरा फूट पुढे राहिली. इतकं सुख मला आयुष्यात फार कमी गोष्टींनी दिलं आहे. आम्ही गाडीत क्षणभर गप्प बसलो. मग भजी खायला एवढं अंतर पावसात चालत जावं लागलं, छत्री एकच.

भजीवाल्याने ओळखलं. टायर पाहिले, मान डोलावली. "स्टेपनी?"

"ती जुनीच," मी म्हणालो. डिकीत एक राहिलाय त्यांच्यातला. कोराकरकरीत, कडक, 2123 चा. तो आम्हा सगळ्यांना पुरून उरेल.

22 सप्टेंबरला टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. सकाळी बायकोने बातमी मोठ्याने वाचली, आणि ती वाचून होईपर्यंत सासूबाईंचे डोळे मिटलेले होते.

"मूळ किंमत 18,750," त्या म्हणाल्या. "आज घेतले असते तर 22,125. म्हणजे 1,875 रुपये." मग थोडं थांबून, "साडेसदतीस प्लेटा."