जादा दर देणाऱ्या दानशूर खरेदीदारास खुले पत्र

प्रति,
श्रीयुत खरेदीदार साहेब
(नाव व फोटो वेळोवेळी बदलतात)
मुक्काम पोस्ट टेलिग्राम

विषय : बाजारभावापेक्षा चढ्या दराने यूएसडीटी (डॉलरशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) विकत घेण्याच्या आपल्या औदार्याबाबत

महोदय,



कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच मिनिटं घासाघीस करणाऱ्या या देशात आपण स्वतःहून मेसेज करता आणि म्हणता, 'बाजारात जो रेट असेल त्यावर तीन रुपये जास्त देतो, फक्त डील लगेच करा.' एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाचा जाहीर सत्कार कोणी केला नाही, याची खंत वाटून हे पत्र लिहीत आहे.

आम्ही आपल्या चरणी कसे आलो, तेही सांगतो. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं. एक्स्चेंजमधून बँकेत पैसे काढायची वाट बंद झाली, आणि माणसाने माणसाला थेट विकायचं, म्हणजे पी-टू-पी, हा प्रकार फोफावला. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, पण पडलेली सवय गेली नाही. २०२२ मध्ये नफ्यावर ३० टक्के कर आणि व्यवहारावर एक टक्का टीडीएस आला, तेव्हा आमच्यातल्या काही हुशार मंडळींनी कर वाचवायला पी-टू-पीचं अ‍ॅपही सोडलं आणि थेट आपलं टेलिग्राम गाठलं. तिथे ना एस्क्रो (पैसे येईपर्यंत नाणी मध्यस्थाकडे अडकवून ठेवणं), ना केवायसी, ना तक्रारीची सोय. आपल्याला तरी दुसरं काय हवं होतं?

अ‍ॅपवरच राहिलेल्यांसाठीही आपली कला आहेच, आणि तिला दाद द्यावी तेवढी थोडी. अ‍ॅपवर ऑर्डर पडली की आमची नाणी एस्क्रोत अडकतात, घड्याळ उलटं धावू लागतं, आणि दोन मिनिटांत आपला मेसेज येतो, 'सर पेमेंट डन, रिलीज करा फास्ट.' सोबत स्क्रीनशॉट, त्यात हिरवी टिकली आणि बारा आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक. पाठोपाठ 'खात्यात रक्कम जमा' असा एसएमएसही येतो. तो बँकेच्या नावाने न येता साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून येतो, एवढी किरकोळ गोष्ट घाईत कोण पाहतो? बँकेचं अ‍ॅप उघडून शिल्लक बघण्याआधी आम्ही रिलीज दाबावं, एवढीच आपली माफक अपेक्षा. ब्लॉकचेनवर एकदा गेलेलं नाणं परत बोलावता येत नाही, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं.

पण हे झाले शिकाऊ उमेदवारांचे उद्योग. आपल्यातले उस्ताद पैसे खरोखर पाठवतात, आणि मी त्यांचा खास चाहता आहे. समजा, नागपूरच्या विक्रेत्याच्या खात्यात ठरलेली रक्कम आली. अगदी अस्सल. फक्त पाठवणाऱ्याचं नाव वेगळं. विचारलं तर उत्तर तयार असतं, 'भावाच्या खात्यातून केलंय, सर.' हा भाऊ म्हणजे परराज्यातले कुणी निवृत्त गृहस्थ असतात. त्यांना कुणी 'डिजिटल अरेस्ट'ची भीती घातलेली असते किंवा शेअर बाजारात दामदुपटीचं आमिष दाखवलेलं असतं, आणि पैसे भरायला खातेक्रमांक दिलेला असतो आमच्या नागपूरकराचा. नाणी आपल्याकडे जातात, चोरीचा पैसा नागपुरात राहतो. त्या गृहस्थांनी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला की पोलीस पैशाचा माग काढत नागपूरला पोचतात. आपलं नाव मात्र त्या साखळीत कुठेच नसतं.

मग एके सकाळी आमचं दुधवाल्याला द्यायचं यूपीआय अडकतं. बँकेत गेलं की साहेब सांगतात, 'सायबर सेलचं पत्र आहे, तिकडच्या तपास अधिकाऱ्याशी बोला.' तिकडे म्हणजे हजार किलोमीटरवर. कधी तेवढ्याच रकमेवर बोजा चढतो, कधी अख्खं खातं गोठतं. पगार जमा होतो पण काढता येत नाही, आणि घराचा हप्ता बाउन्स होतो.

तेव्हा, महोदय, मला एकच हिशेब मांडायचा आहे. यूएसडीटीचा भाव भारतात डॉलरपेक्षा थोडा चढा असतोच. त्याच्याही वर आपण जे तीन रुपये देता, ते नाण्याचे नसतात. ते आमच्या स्वच्छ बँक खात्याचं भाडं असतं. वर्षानुवर्षं सांभाळलेलं नाव आपण हजार नाण्यांमागे तीन हजार रुपयांत वापरून घेता. एवढं स्वस्त भाडं नागपुरात पानटपरीलाही मिळत नाही.

आपल्या सोयीसाठी पुढील व्यवहाराच्या अटी कळवतो. बोलणं अ‍ॅपमधल्या चॅटवरच होईल. पैसे केवायसीतल्या नावाच्याच खात्यातून यावे लागतील. भाऊ, मेहुणा, मित्र चालणार नाहीत. बँकेचं अ‍ॅप उघडून रक्कम आणि नाव पाहिल्याशिवाय रिलीज नाही, मग आपण कितीही फोन करा. परक्या नावाने पैसे आले, तर नाणी न सोडता अ‍ॅपवर तक्रार होईल. 'चुकून आले, या दुसऱ्या खात्यावर परत करा' ही आपली विनंती मान्य होणार नाही.

कळावे,
आपला,
खातं अजून चालू असलेला एक विक्रेता

ता. क. : हा मजकूर खरेदीदार साहेबांसाठी नसून माझ्या विक्रेत्या बंधुभगिनींसाठी आहे. विकायचंच असेल तर फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदलेल्या मंचावर विका. पगाराचं खातं या भानगडीत आणू नका. ऑर्डर क्रमांक, चॅट, खरेदीदाराचं नाव आणि बँकेचा उतारा जपून ठेवा. उद्या पोलिसांचं पत्र आलं, तर आपण नाणी विकली होती, चोरी केली नव्हती, हे दाखवायला तेवढेच कागद हाताशी असतील. आणि बाजारापेक्षा जास्त भाव देणारा भेटला, तर त्याला नकार द्या.