आखूड कोटवाल्यांसाठी हिपॅटायटिस सी

अमेरिकेत मेडिकलच्या विद्यार्थ्याचा पांढरा कोट कमरेपाशीच संपतो. गुडघ्यापर्यंतचा कोट मोठ्या डॉक्टरांचा. पहिल्याच वर्षी आखूड कोट समारंभपूर्वक अंगावर चढवतात; न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९९३ साली हे सुरू झालं आणि मग सगळीकडे पसरलं. न्यू जर्सीतल्या एडिसनहून आई-बाबा येतात, पुण्याहून आजी येते, भरपूर फोटो निघतात आणि कोट कपाटात जातो. तिसऱ्या वर्षी तो बाहेर निघतो तेव्हा समोर खरे पेशंट असतात. त्यांतल्या एखाद्याला हिपॅटायटिस सी निघणारच. घाबरून जाऊ नये. खालील सूचना काटेकोर पाळल्यास परीक्षेत उत्तम गुण मिळतील आणि पेशंटला तुमचा काडीचाही उपयोग होणार नाही.

पूर्वतयारी

आधी विषाणू पाठ करावा. आरएनएवाला, फ्लॅव्हिव्हायरसच्या घराण्यातला, साधारण ९,६०० अक्षरांचा. स्वतःची नक्कल काढताना झालेल्या चुका तो तपासत नाही, त्यामुळे त्याचं रूप सारखं बदलत राहतं. लस अजून निघालेली नाही त्याचं हे एक मोठं कारण. हे सगळं एका दमात म्हणता आलं पाहिजे. मग औषधं. ती शेपटावरून ओळखायची: ‘प्रेविर’ प्रोटिएझला अडवतं, ‘आस्विर’ एनएस-५-एला, ‘ब्युविर’ पॉलिमरेझला. फ्लॅशकार्डवर हे झकास बसतं. त्यानंतर या आजारासोबत क्वचित येणाऱ्या गोष्टी घोकाव्यात: क्रायोग्लोब्युलिनेमिया, लायकेन प्लॅनस, पॉर्फिरिया क्युटेनिया टार्डा. राउंडवर अटेंडिंगने, म्हणजे वरिष्ठ डॉक्टरने, प्रश्न टाकला आणि तुमच्या तोंडून पॉर्फिरिया बाहेर पडला, की त्या दिवसाचं सार्थक झालं. पेशंटला पॉर्फिरिया नसला तरी हरकत नाही.

इतिहास तोंडी लावण्यापुरता पुरे. १९७५ च्या सुमारास हार्वे ऑल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की रक्त चढवल्यावर होणारे बहुतेक हिपॅटायटिस ना ‘ए’चे आहेत ना ‘बी’चे. मग चौदा वर्षं या आजाराला ‘नॉन-ए, नॉन-बी’ म्हणत राहिले. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कायरन कंपनीत मायकल हॉटन आणि मंडळींनी विषाणू हुडकला. २०२० चं नोबेल ऑल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस या तिघांना मिळालं. एवढं सांगितलंत तरी लोक माना डोलावतील. १९९२ हे साल मात्र लक्षात ठेवू नका. त्या वर्षी अमेरिकेत दात्यांचं रक्त तपासायची भरवशाची चाचणी आली. म्हणजे त्याआधी कधी रक्त चढवलं होतं का, हे प्रत्येकाला आपण विचारायला हवं, अशी नसती जबाबदारी अंगावर येते.

पेशंट कसा ओळखावा

सरावाच्या प्रश्नसंचांत तो बहुधा ठरलेल्या वेषात येतो: पन्नाशीचा पुरुष, दंडावर गोंदण, पूर्वी कधीतरी शिरेतून ड्रग्ज घेतलेले, बायको सोडून गेलेली. गोंदण दिसलं की उत्तर ठोकायचं. असे शे-दीडशे प्रश्न सोडवले की डोळा तयार होतो आणि तोच डोळा घेऊन तुम्ही वॉर्डात शिरता. काविळीच्या रोग्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. इथे आजार पेशंटला आणि पिवळं डॉक्टरला दिसतं. त्यातून गंमत अशी, की हिपॅटायटिस सी असलेल्या बहुतेकांचे डोळे पिवळे होतच नाहीत. वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही आणि यकृत आतून गुपचूप घट्ट होत जातं.

या वेषात न बसणारी माणसं पुष्कळ आहेत, पण त्यांच्याकडे बघायचं नाही. उदाहरणार्थ, एक मावशी. १९८४ साली साताऱ्यात सिझेरियन झालं तेव्हा तिला दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. भारतात रक्तपेढ्यांना या विषाणूची तपासणी सक्तीची झाली २००१ मध्ये. आता ती लेकीकडे न्यू जर्सीत असते, देवाला फुलं वाहते, चतुर्थी करते, दारूच्या थेंबाला शिवलेली नाही. रिपोर्टात यकृताचे आकडे किंचित वर आलेत. तिला काय विचारायचं? काही नाही. ‘फॅटी लिव्हर’ म्हणायचं आणि भात कमी करायला सांगायचं. भात कमी करायला सांगून अमेरिकेत आजवर कुणाचं काही बिघडलेलं नाही, डॉक्टरांचं तर नाहीच.

अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी, तिने २०१२ मध्ये सांगितलं, की १९४५ ते १९६५ दरम्यान जन्मलेल्या सगळ्यांची एकदा तपासणी करा. २०२० मध्ये त्याही पुढे जाऊन सांगितलं, की अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाची आयुष्यात निदान एकदा करा, आणि प्रत्येक गरोदरपणात करा. म्हणजे चेहरा बघून अंदाज बांधायचं कामच उरलं नाही. ही मार्गदर्शिका ज्या पायावर उभी आहे तोच यामुळे उखडतो. सबब दुर्लक्ष करावं.

रिपोर्ट

अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली की हिपॅटायटिस सी. संपलं. विषाणू रक्तात खरंच आहे का, हे सांगणारी आरएनए चाचणी वेगळी असते आणि ती केल्याशिवाय निदान पुरं होत नाही, ही कटकट ज्याला पॉर्फिरिया पाठ आहे त्याने कशाला करावी! काही जणांच्या शरीरातून हा विषाणू औषधाविना आपोआप जातो. कुणाचा औषधाने जातो. अँटीबॉडी मात्र दोघांच्याही रक्तात राहते, बहुधा जन्मभर. समजा, सहा वर्षांपूर्वी पूर्ण बरी झालेली बाई आज गुडघा दुखतो म्हणून आली. चार्टवर ‘हेप सी पॉझिटिव्ह’ असं लिहा. उद्याचा विद्यार्थी ते कॉपी-पेस्ट करेल, परवाचा रेसिडेंटही करेल. तिने तीनदा सांगितलं, की ‘अहो, मी बरी झालेय’, तर ‘पेशंटच्या म्हणण्यानुसार’ असं त्याआधी जोडावं.

बोलावं कसं, लिहावं कसं

हा विभाग सर्वांत महत्त्वाचा, कारण यात गुण नसतात.

खोलीत शिरताना दोन-दोन हातमोजे घालावेत, तेही हस्तांदोलनासाठी. हा आजार रक्तातून जातो; हात धरल्याने, मिठी मारल्याने, एका ताटात जेवल्याने जात नाही, हे तुम्हाला परीक्षेत अचूक आलं होतं. तरीही घालावेत. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची कधी तपासणीच झालेली नाही, त्याचं रक्त मात्र उघड्या हाताने काढायला हरकत नाही, कारण त्याच्या चार्टवर काही लिहिलेलं नाही आणि तो माणूस तुमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांसारखा दिसतो.

लिहिताना ‘ड्रग अब्यूजर’, ‘नॉन-कम्प्लायंट’ हे शब्द हाताशी ठेवावेत. त्यांनी काय होतं ते जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१८ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात छान दिसतं. ४१३ विद्यार्थी आणि रेसिडेंट घेतले. पेशंट एकच, कागदावरचा, सिकल सेलचा, वेदनेने कळवळणारा. टिपणं दोन. एकात साधं लिहिलं होतं, की काल दुपारी तो मित्रांबरोबर होता आणि व्हीलचेअर नेहमीपेक्षा जास्त चालवली. दुसऱ्यात तोच माणूस मॅकडोनल्ड्सबाहेर दोस्तांबरोबर टाइमपास करत होता. वैद्यकीय माहितीत फरक काहीच नाही. दुसरं टिपण वाचलेल्यांचं पेशंटबद्दलचं मत जास्त वाईट झालं आणि त्यांनी वेदनेवर उपचारही हात आखडून सुचवले. एका हॉटेलच्या नावात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. हिपॅटायटिस सीच्या पेशंटबाबत तर हॉटेलचीही गरज नाही. ‘आयव्हीडीयू’ (शिरेतून ड्रग्ज घेणारा) ही चार इंग्रजी अक्षरं पहिल्या ओळीत टाकली की पुढचा वाचणारा आपोआप कामाला लागतो.

फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजात विद्यार्थ्यांची सहानुभूती दर वर्षी मोजली, तेव्हा ती तिसऱ्या वर्षी घसरलेली दिसली. म्हणजे नेमकी पेशंट भेटायला लागल्यावर. यात तुमचा दोष नाही. झोप नाही, आणि वरचे लोक जसं बोलतात तसंच आपण बोलतो.

उपचार

हा भाग टाळता आला तर टाळावा. पूर्वी बरं होतं: इंटरफेरॉनची सुई दर आठवड्याला, बऱ्याचदा ४८ आठवडे, सोबत रिबाव्हिरिन. ताप, नैराश्य, केस गळणं, आणि एवढं सोसूनही अनेकांना गुण नाही. तेव्हा ‘याला काही फारसा इलाज नाही’ असं म्हणता यायचं आणि ते खपायचंही. आता आठ ते बारा आठवडे गोळ्या घेतल्या की शंभरातले पंच्याण्णवांहून जास्त बरे होतात. बरे म्हणजे बरे. ही बातमी पेशंटला सांगायला विद्यार्थ्यालाही पाचच मिनिटं लागतात, आणि आखूड कोटातून एवढी मोठी बातमी सांगायची संधी क्वचितच मिळते. तरी सोशल वर्करवर सोपवावी.

पैशाचा विषय निघालाच तर मान हलवावी. सोफोसब्युविर डिसेंबर २०१३ मध्ये बाजारात आलं तेव्हा गोळीला हजार डॉलर पडत. बारा आठवड्यांचे ८४,०००. अनेक राज्यांच्या मेडिकेडने, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्याने, अट घातली, की आधी यकृतावर पुरेसे व्रण पडलेले असावेत आणि पेशंट काही महिने दारू-ड्रग्जपासून दूर असावा. थोडक्यात, तुमचं यकृत अजून नीट खराब झालेलं नाही, झालं की या. पुढच्याच वर्षी याच औषधाचा परवाना मुंबईच्या सिप्लासह काही भारतीय कंपन्यांना मिळाला आणि भारतात ते अमेरिकेच्या तुलनेत कवडीमोलाने विकलं जाऊ लागलं. २०१८ पासून भारत सरकारच्या कार्यक्रमात ते फुकट मिळतं. अमेरिकेतही नंतर किमती पुष्कळ उतरल्या. तरी २०२२ मध्ये सीडीसीने आकडे काढले, तर विमा असलेल्यांतसुद्धा निदानानंतर वर्षभरात उपचार सुरू झालेले तिघांत एकही भरले नाहीत. तेव्हा महाग आहे हो, एवढं म्हणून बाहेर पडावं.

सुई टोचल्यास

टोचेल. सतरा केंद्रांतल्या ६९९ सर्जरी रेसिडेंटना विचारलं तेव्हा ५९ टक्के म्हणाले, की विद्यार्थी असतानाच आम्हाला टोचली होती. आणि कित्येकांनी कुणाला सांगितलंही नव्हतं. तुम्हीही सांगू नका. फॉर्म भरण्यात वेळ जातो, चारचौघांत शोभा होते.

चुकून सांगितलंतच, तर कळेल की या विषाणूच्या बाबतीत सुईतून लागण व्हायचा धोका हजारात दोनच्या आसपास आहे, घाईने घ्यायची प्रतिबंधक गोळी नाही, आणि लागण झालीच तर वर सांगितलेल्या त्याच गोळ्यांनी बरं होता येतं. तुमची पहिली रक्ततपासणी ४८ तासांच्या आत, आरएनए तीन ते सहा आठवड्यांनी, शेवटची अँटीबॉडी चार ते सहा महिन्यांनी. मधल्या काळात तुम्हाला बरोबर घेऊन जेवायला रूममेट का कू करत असेल तर त्यालाही ही मार्गदर्शिका वाचायला द्यावी.

ऑक्युपेशनल हेल्थची नर्स पहिल्या दिवशी नाव, जन्मतारीख, लसी लिहून घेईल. मग मान वर न करता विचारेल: यापूर्वी कधी रक्त चढवलंय? गोंदण? शिरेतून ड्रग्ज? इथे संतापावं. मी मेडिकल स्टुडंट आहे, असं जरा मोठ्याने सांगावं. ‘सगळ्यांनाच विचारते मी,’ ती म्हणेल आणि पेन उचलून उत्तराची वाट बघत थांबेल.